वायफायचं कार्डच बदललं आणि सुटले : इंटेल एएक्स२१०, लिनक्सवर सात महिने वापरून

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. लिनक्स टाकलेल्या लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटत असेल आणि खाली लिहिलेल्या तीन-चार गोष्टी करूनही थांबत नसेल, तर ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मागे महिनोन्महिने लागू नका, कार्ड बदला. मी इंटेलचं एएक्स२१० घातलं, १८५० रुपये गेले, सात महिने झाले आणि या सात महिन्यांत एकदाही क्लासच्या मधे नेट गेलेलं नाही. पाचपैकी साडेचार देते. अर्धा एवढ्यासाठी कापला की लॅपटॉप उघडावा लागतो आणि ते सगळ्यांना जमेलच असं नाही.

मी चिंचवडला घरूनच दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ, सोळा मुलं. लॅपटॉप मागच्या वर्षी घेतला, एएमडीचा प्रोसेसर आहे, आणल्या आणल्या मिंट २२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं कारण जुन्या लॅपटॉपवर सहा वर्षं मिंटच होतं, हात बसलेला आहे. लॅपटॉप कुठल्या कंपनीचा आणि आतलं मूळ कार्ड कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण एकाच कंपनीचं एक कार्ड लिनक्सवर मस्त चालतं आणि दुसरं चालत नाही असं असतं, नाव घेऊन सगळ्यांना एका माळेत ओवायचं नाहीये मला.

तर व्हायचं काय, की कोपऱ्यातल्या आयकॉनवर सगळ्या दांड्या भरलेल्या, कनेक्टेड लिहिलेलं, आणि पान मात्र उघडत नाही. वर्गसमीकरणाचे अवयव पाडतेय, मधलं पद फोडलंय, आणि तेवढ्यात मुलांचे चेहरे गोठतात. मग मोबाइलवर ग्रुपमध्ये मेसेज यायला लागतात की मॅडम आवाज येत नाहीये, मॅडम स्क्रीन अडकलीये. मी वायफाय बंद करून चालू करायचे, दहा-पंधरा सेकंदांत परत जोडलं जायचं, पण तेवढ्यात मुलांची तंद्री मोडलेली असते आणि शिकवणाऱ्यालाच माहितीये की ती परत लावायला किती वेळ लागतो. दीड तासात असं चार-पाच वेळा. एका आईने फोन करून फार सांभाळून विचारलं की मॅडम तुमच्याकडे नेटचा काही प्रॉब्लेम आहे का, त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

माझं पहिलं चुकलं ते म्हणजे मी नेटवाल्याला दोष देत बसले. त्यांचा मुलगा तीन वेळा येऊन गेला, राऊटर बदलला, फायबरचं टोक परत कापून लावलं, काही फरक नाही. माझा मावसभाऊ नेटवर्किंगमध्ये काम करतो, त्याने फोनवर सांगितलं, "ताई, पिंग गूगलला नको देऊस, राऊटरला दे." म्हणजे १९२.१६८.१.१ ला, हा माझ्या राऊटरचा पत्ता. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघणं. हे इतकं साधं आणि इतकं उपयोगी आहे की सगळ्यांनी आधी हेच करा. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पिंग चालू ठेवून क्लास घेतला. सुरुवातीला दोन-तीन मिलिसेकंद, मग एकदम ८००, मग १४००, मग उत्तरच नाही. त्याच टेबलावर त्याच राऊटरला जोडलेला मोबाइल मात्र व्हिडिओ व्यवस्थित दाखवतोय. लॅपटॉप ते राऊटर ही सहा फुटांची वाटच खराब असेल तर त्यात बाहेरच्या नेटवाल्याचा काय संबंध, तिथेच त्या प्रश्नाचा सोक्षमोक्ष लागला.

आता कार्ड विकत घ्यायच्या आधी काय काय बघायचं ते सांगते, कारण बऱ्याच जणांचं काम फुकटात होऊन जाईल आणि ते व्हावं अशीच माझी इच्छा आहे.

सगळ्यात आधी पॉवर सेव्हिंग. बॅटरी वाचवायला कार्ड मधूनमधून डुलकी काढतं, आणि काही ड्रायव्हर त्या डुलकीतून नीट जागे होत नाहीत. आयडब्ल्यू नावाची कमांड असते, तिला आपल्या कार्डाचं नाव देऊन गेट पॉवर सेव्ह विचारलं की ऑन का ऑफ ते सांगते. उबुंटू आणि मिंटमध्ये हे बहुतेक ऑनच असतं, नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ डी फोल्डरमध्ये एक छोटी फाइल असते, डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन अशा नावाची, तिच्यात ३ लिहिलेलं असतं, ते २ करायचं आणि नेटवर्क मॅनेजर रीस्टार्ट करायचा, झालं, ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद. माझं तुटणं याने निम्म्यावर आलं पण गेलं नाही. माझ्या एका मैत्रिणीचं मात्र एवढ्यावरच भागलं, तिला पुढे काहीच करावं लागलं नाही.

दुसरं म्हणजे ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नसेल किंवा दिसून गायब होत असेल तर देश बघा. आयडब्ल्यू रेग गेट केलं की देशाचा कोड येतो, तिथे ०० आलं तर कार्ड जगभर चालतील तेवढेच नियम धरून बसलेलं असतं आणि बऱ्याच चॅनलवर स्वतःहून बोलत नाही. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचे बरेचसे पट्टे ऑक्टोबर २०१८ मध्ये विनापरवाना मोकळे झालेत, त्यामुळे तिथे आयएन, म्हणजे भारताचा कोड, लावायला काहीच हरकत नाही.

तिसरं, ब्लूटूथ. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात चालतात आणि लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा अँटेनाही वाटून घेतात. ब्लूटूथचा हेडफोन लावला की वायफाय रडायला लागतं असं दिसलं तर राऊटरच्या ५ गिगाहर्ट्झवर जा, एवढ्याने भागतं.

आणि चौथं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्यात ड्रायव्हर असतात. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्येच लिनक्स कर्नल्स म्हणून पान आहे, तिथून नवा कर्नल टाकता येतो आणि जुना ठेवता येतो, बिघडलं तर बूट होताना जुना निवडायचा. त्याहून सोपं म्हणजे एखाद्या अगदी नव्या डिस्ट्रोचा (मिंट, उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराचा) लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, इन्स्टॉल काही न करता त्यावरून बूट करा आणि तासभर व्हिडिओ कॉल लावून ठेवा. त्यावर नीट चाललं तर दोष जुन्या ड्रायव्हरचा, अपडेटने सुटेल. त्यावरही तुटलं तर समजून जा की अपडेटने भागणार नाही. माझं त्यावरही तुटलं.

डीमेसेजची कमांड देऊन लॉग बघितला तर प्रत्येक वेळी तुटायच्या क्षणाला तेच, फर्मवेअर (कार्डाच्या आतला प्रोग्रॅम) उत्तर देत नाही, टाइमआऊट, रीसेट. हे वाचता आलं की मनाला फार बरं वाटतं, कारण तोपर्यंत आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत असतं.

मग मी ज्या दोन गोष्टी केल्या त्या तुम्ही करू नका असं कळकळीने सांगते.

एक म्हणजे कुणीतरी गिटहब या साइटवर ठेवलेला ड्रायव्हरचा कोड आणून स्वतः कंपाइल केला, म्हणजे चालेल अशा रूपात बनवून घेतला. पहिल्याच फटक्याला लोड होईना, "की रिजेक्टेड" (किल्ली नाकारली) असा एरर, कारण सही नसलेलं काही लोड होऊ न देणारं सिक्युअर बूट चालू होतं आणि आपण बनवलेल्या ड्रायव्हरवर सही नव्हती. मग ती सहीची किल्ली बनवा, रीस्टार्ट करा, निळा स्क्रीन येतो त्यात पासवर्ड टाकून किल्ली नोंदवा, हे सगळं केलं, रात्रीचे दोन वाजले. चाललं की हो! अकरा दिवस छान चाललं. बाराव्या दिवशी सकाळी अपडेट आले, मी नेहमीसारखे टाकले, नवा कर्नल आला, आणि संध्याकाळी सहा पंचविसाला लॅपटॉप उघडते तर वायफायचा आयकॉनच नाही. कर्नलच्या आतली एखादी गोष्ट बदलली की बाहेरचा ड्रायव्हर त्याच्यावर कंपाइलच होत नाही, आणि ज्याने तो लिहिलाय तो माणूस त्याच्या सवडीने दुरुस्त करणार, त्याला आपण काय बोलणार, बिचारा फुकटच देतोय. त्या दिवशी मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं, कुठलाही ड्रायव्हर न टाकता लगेच नेट आलं आणि क्लास वाचला. ही युक्ती लक्षात ठेवा, वायफाय मेलेल्या लिनक्सवर काहीही डाऊनलोड करायचं असेल तर याच्याएवढं भरवशाचं काही नाही.

दुसरी गोष्ट यूएसबीत खोचायचं वायफायचं डोंगल. साडेपाचशे रुपयांचं, बॉक्सवर लिनक्स सपोर्ट म्हणून स्पष्ट छापलेलं. लावलं तर ते वायफाय म्हणून दिसेचना, सीडी ड्राइव्ह म्हणून दिसायला लागलं, आणि त्यात विंडोजचा सेटअप. त्याला आधी सीडीच्या वेषातून बाहेर काढावं लागतं, मग कळतं की ड्रायव्हर आहे तो कुठल्यातरी जुन्या कर्नलपुरता. डोंगलची आणखी एक अडचण म्हणजे बॉक्सवरचं नाव तेच राहतं आणि आतली चिप व्हर्जन १, २, ३ करत बदलते, त्यामुळे कुणी सांगितलं की हे मॉडेल माझ्याकडे मस्त चालतं, तरी तुमच्या हातात आलेलं तेच असेल असं नाही. आणि शेजारच्या पोर्टात यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली की २.४ गिगाहर्ट्झवर अडथळा येतो, सिग्नल पडतो, यावर इंटेलने २०१२ मध्येच पेपर काढला होता. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात.

हे असं का होतं ते मला आधी माहीत नव्हतं, आणि कळल्यावर पुढचं सगळं सोपं झालं, म्हणून थोडं लिहिते. वायफाय चालायला दोन गोष्टी लागतात. ड्रायव्हर, जो कर्नलमध्ये असतो, आणि फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम, जो बूट होताना कार्डात भरला जातो. ड्रायव्हर सगळ्यांना वाचता येतो, दुरुस्त करता येतो. फर्मवेअर बंद डब्यासारखं, ते फक्त कंपनीच देऊ शकते. आता ज्या कंपनीची स्वतःची माणसं कर्नलमध्ये ड्रायव्हर लिहितात आणि फर्मवेअर पण वेळच्या वेळी देतात तिचं कार्ड लावलं की चालतं, आणि जिथे कंपनी गप्प असते तिथे बाहेरच्या माणसांना अंधारात चाचपडत ड्रायव्हर लिहावा लागतो. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांसाठी असाच ड्रायव्हर लोकांनी उलटं शोधत शोधत लिहिला आणि तो २००६ मध्ये कर्नलमध्ये आला, कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये. त्याच्याही आधी एनडीआयएसरॅपर नावाचं प्रकरण होतं, त्यात विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवायचा, जुन्या लोकांना आठवत असेल. डेबियनने तर वर्षानुवर्षं असलं बंद फर्मवेअर आपल्या इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं नाही म्हणून ठरवलेलं होतं, २०२२ मध्ये त्यांच्या लोकांनी मतदान करून ते बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. तेव्हापासून नव्या माणसाचं डेबियन टाकताना पहिल्याच पायरीवर अडणं पुष्कळ कमी झालंय, मला तो निर्णय मनापासून पटतो.

इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर पहिल्या प्रकारातला. इंटेलचीच माणसं तो सांभाळतात. एएक्स२१० ला कर्नल ५.१० किंवा नवा लागतो, मिंट २२ मध्ये ६.८ आहे, म्हणजे वेगळं काही टाकायलाच नको.

आता खरेदी, आणि इथे नीट लक्ष द्या. आधी बघा की तुमच्या लॅपटॉपचं कार्ड काढता येतं का. एलएसपीसीआय कमांडला डॅश एनएनके लावलं की कार्डाचं नाव आणि कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते दिसतं, पण ते सॉकेटात आहे का मदरबोर्डवरच डाग दिलेलं आहे हे लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच कळतं. बऱ्याच पातळ लॅपटॉपांमध्ये ते डाग दिलेलं असतं, मग विषयच संपला. सॉकेट असेल तर आकार एम डॉट टू २२३० पाहिजे, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ३० लांब, आणि खाच ए प्लस ई. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांत बायॉस (लॅपटॉप चालू होताना आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम) ठरावीक कार्डांशिवाय बाकीची घेतच नाही, बूट होतानाच अडवतं, तेही आधी शोधून ठेवा.

आणि सगळ्यात मोठा घोळ : २१० आणि २११. दोन्ही दिसायला सारखी, किंमत जवळपास सारखी. पण २११ मध्ये वायफायचा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसरकडे असतो, सीएनव्हीआय म्हणतात त्याला, त्यामुळे एएमडीच्या लॅपटॉपात ते चालत नाही म्हणजे नाहीच, आणि इंटेलच्या सुद्धा सगळ्या मशिनांत नाही. २०१ चं पण तेच. २०० आणि २१० ही साधी पीसीआय एक्सप्रेसवाली, म्हणजे सगळा मेंदू कार्डातच, ती एएमडीत पण चालतात. मी पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला एका छोट्या दुकानात गेले होते, काउंटरवरच्या मुलाने २११ काढून दिलं, आणि आतून काकांनी विचारलं, "ताई, प्रोसेसर कुठला आहे? एएमडी असेल तर हे नका घेऊ." हे एवढं विचारणारा दुकानदार मिळाला हे माझं नशीब. त्यांनी २१० दिलं आणि बिलावर मॉडेल नंबर लिहून वर सांगितलं की बसलं नाही तर आठ दिवसांत परत आणा.

बसवायचं काम मी घरीच केलं, डायनिंग टेबलवर, मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर. खालचे दहा स्क्रू काढले, त्यातले मागचे दोन लांब आणि पुढचे आखूड, ते स्टीलच्या ताटात लॅपटॉपवर जसे होते त्याच जागी मांडून ठेवले म्हणजे गोंधळ नाही. झाकण उचकायला जुनं एटीएम कार्ड. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं, ते न करता पुढे हात लावायचा नाही. कार्ड एकाच स्क्रूवर बसलेलं असतं आणि त्याच्यावर दोन बारीक वायरी चिकटलेल्या असतात, एक काळी, एक करडी, त्या अँटेनाच्या, स्क्रीनच्या कडेपर्यंत गेलेल्या. त्यांच्या टोकाला तांदळाच्या दाण्याहून लहान अशी सोनेरी टोपी असते. काढताना सरळ वर उचलायची, वाकडी ओढायची नाही. लावताना खरी कसोटी, टोपी बरोब्बर डोक्यावर बसलीये असं वाटतं पण ती घसरते, मी चष्मा कपाळावर सरकवून नाक टेकेपर्यंत वाकून बघत होते, चार वेळा घसरली आणि पाचव्यांदा नखाने दाबल्यावर अगदी हलका टक् असा आवाज आला आणि बोटाला ते बसलेलं कळलं. तो टक् येईपर्यंत थांबा. अर्धवट बसलेल्या वायरीने सिग्नल येतो पण अर्धाच, आणि मग माणूस परत ड्रायव्हरलाच शिव्या देत बसतो. कुठली वायर कुठे होती त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सगळं मिळून पाऊण तास लागला.

लॅपटॉप चालू केला आणि पासवर्ड टाकायच्या आतच नेटवर्कची यादी आलेली. काहीही इन्स्टॉल केलं नाही. ब्लूटूथ पण आपोआप, फक्त हेडफोन परत पेअर करावा लागला.

आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. जुन्या कार्डावर त्याच खुर्चीत बसून कधी ४०, कधी ११ यायचे, आता ९३-९४ च्या खाली जातच नाही. राऊटर जुना वायफाय ५ चाच आहे, त्याच्याशी लिंक समोर असताना ८६६ एमबीपीएस दाखवते आणि आतल्या खोलीत भिंतीआड गेलं की कमी होते, तरी क्लासला ते भरपूर झालं. पण वेगाचं मला खरंच एवढं नाही, मला पिंगचं आहे. पहिल्या दिवशी परत राऊटरला पिंग लावून पूर्ण क्लास घेतला, पाच हजारांवर पिंग गेले आणि एकही हरवला नाही. तो आकडा मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. लॅपटॉप झाकून उघडला की दोन-तीन सेकंदांत जोडलं जातं, पूर्वी झोपेतून उठल्यावर रीस्टार्टच करावा लागायचा.

एक सांगून ठेवते, बूट झाल्यावर लॉग बघितलात तर फर्मवेअरची फाइल सापडली नाही अशा दोन-चार ओळी दिसतील आणि पोटात गोळा येईल. घाबरू नका. ड्रायव्हर सगळ्यात नव्या नंबरची फाइल आधी मागतो, नसेल तर एकेक नंबर खाली येतो आणि जी असेल ती भरतो. शेवटी लोडेड फर्मवेअर व्हर्जन अशी ओळ आली ना, मग सगळं ठीक आहे.

आणि कुणाला लॅपटॉपचाच हॉटस्पॉट करायचा असेल तर हे आधीच माहीत असू द्या की लिनक्सवर या कार्डाचा हॉटस्पॉट २.४ वरच करायचा, ५ वर होत नाही, कारण कुठल्या देशात काय चालतं ते कार्डाचं फर्मवेअर स्वतः ठरवतं आणि ते बंद करायचा जो पर्याय होता तो कर्नल ५.५ पासून काढून टाकलाय. मला हॉटस्पॉट लागत नाही, माझं काही अडलं नाही. ६ गिगाहर्ट्झचं पण कार्डात आहे, माझ्या राऊटरमध्ये नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. पैसे वाचवायचे असतील तर एएक्स२०० पण बघा, त्यात फक्त ते ६ गिगाहर्ट्झ नाही, बाकी ड्रायव्हर तोच.

जुनं कार्ड फेकू नका. मी ते कार्डाच्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून वर तारीख लिहून बिलाबरोबर ठेवलंय, लॅपटॉपची वॉरंटी अजून दीड वर्ष आहे आणि सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आलीच तर मूळ कार्ड परत बसवून देणार आहे. आता ते टक् कसं वाजतं ते माहितीये, पाऊण तास नाही लागायचा.